एरंडेलावर उडणारं विमान

गेल्या शनिवारी गाडीची काच खाली केली आणि एरंडेलाचा वास आला. दोन्ही बाजूंना वाळलेला मका, मधेमधे सोयाबीनचे पिवळे पट्टे, रस्त्याकडेला सफरचंदाचा रस आणि गरम डोनट विकणारं एक खोपटं. या सगळ्यावर पसरलेला तो वास, लहानपणी नाक दाबून प्यायलेल्या एरंडेलाचा, फक्त जरा जळका. मिशिगनमध्ये पानगळ सुरू झाल्याचं बाकीच्यांना मेपलच्या झाडांवरून कळतं. मला एरंडेलावरून कळतं.

आम्ही राहतो त्या नोव्हायहून पश्चिमेला तासभर गेलं की गवताची एक धावपट्टी लागते. पट्टीच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन लाकडी शेड आहेत. अलीकडच्या शेडमध्ये पहिल्या महायुद्धातल्या एका इंग्रज लढाऊ विमानाची प्रतिकृती आहे आणि पलीकडच्या शेडमध्ये त्याच्या जर्मन वैऱ्याची. इंग्रजाचं नाव कॅमल, म्हणजे चक्क उंट, कारण त्याच्या बंदुकांवर पत्र्याचा उंचवटा आहे. जर्मनाला एकावर एक असे तीन पंख. दर सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी ही दोन्ही विमानं वर जातात, एकमेकांच्या पाठी लागतात, खोट्या गोळ्यांचा धूर सोडतात आणि खाली उतरतात. खाली घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली मंडळी टाळ्या वाजवतात आणि घरी जातात.

एरंडेल येतं ते कॅमलमधून. त्याचं इंजिन जुन्या पद्धतीचं आहे. पुढचा पंखा फिरतो तेव्हा त्याच्याबरोबर अख्खं इंजिनच गरगर फिरतं, आणि त्याला वंगण म्हणून एरंडेलच लागतं, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. वापरलेलं तेल पुन्हा टाकीत येत नाही, ते सगळं मागे फेकलं जातं, थेट वैमानिकाच्या तोंडावर. त्या काळचे शूरवीर तासनतास ते हुंगत आणि गिळत उडायचे. जमिनीवर उतरल्यावर ते आधी कुठे धावत असतील हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

मी दरवर्षी इथे येते ती मात्र एका जुन्या सप्टेंबरसाठी. त्याला आता काही वर्षं झाली.

त्या वर्षी अण्णा, माझे वडील, मे महिन्यात आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. कराडच्या बाजारपेठेत अण्णांचं टेलरिंगचं दुकान. पॅन्ट, शर्ट, सफारी आणि लग्नाचे सूट. ते बंद करून त्यांनी कायमचं इथे यावं अशी माझी इच्छा होती. खरं सांगायचं तर इच्छा नव्हती, हट्ट होता. एकटा माणूस, वय सत्तरीच्या पुढे, दुकानाच्या माळ्यावर चढताना शिडी हलते. व्हिसाची मुदत वाढवायचा फॉर्म मी जुलैतच अर्धा भरून ठेवला होता. अण्णांना विचारलं नव्हतं. विचारण्याची पद्धत आमच्या घरात कमीच.

जून-जुलै त्यांनी खिडकीत बसून काढले. आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे वसाहतीत, सगळी घरं एका मापाची, आणि रस्त्यावर माणूस दिसलाच तर तो कुत्र्याला फिरवणारा. अण्णा त्या माणसांच्या पॅन्टी बघायचे. याची सीट खाली आली आहे, त्याला कमरेत दोन टिपा हव्या आहेत, एवढंच दिवसभरात बोलायचे. मी त्यांच्यासाठी शिलाई मशीन आणलं. त्यांनी आमचे सगळे पडदे आठ दिवसांत पुन्हा शिवले आणि परत खिडकीत जाऊन बसले. माझी मुलगी रेवा तेव्हा तेरा वर्षांची होती. ती इंग्रजीत बोलायची, ते मराठीत, आणि दोघांचं बरं जमायचं. पण सुट्टीतल्या कॅम्पांना जाणाऱ्या मुलीला दिवसाचे किती तास आजोबांना देता येणार?

रेवाला शाळेत इतिहासाचा प्रोजेक्ट होता, हवाई युद्धाची सुरुवात. म्हणून तिला आणि अण्णांना घेऊन मी ऑगस्टअखेर त्या धावपट्टीवर गेले. कॅमलवाला रॉन माझ्या ओळखीचा होता. मी मोटारींच्या सीटांची शिवण तपासणारी इंजिनिअर आहे. टेलरच्या मुलीनं अमेरिकेत येऊन शेवटी शिवणच तपासावी, यावर अण्णा खूश असत. रॉन आमच्याकडे साचे बनवायचा. निवृत्त झाल्यावर त्यानं या विमानाला वाहून घेतलं होतं. त्या दिवशी त्यानं आमच्यासाठी इंजिन चालू करून दाखवलं. निळसर धुराचा लोट आला, आम्ही तोंडं फिरवली आणि मागून अण्णांचा आवाज आला, "अगं, हे तर एरंडेल."

आणि अण्णा हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. पोट धरून, डोळे पुसत हसले. रॉननं काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा मी त्याला आमच्याकडच्या दर महिन्याच्या रविवारची, चमच्याची आणि नाक दाबणाऱ्या आईची गोष्ट सांगितली. इथे येणारे पाहुणे हा कसला वास म्हणून विचारतात, पण नाकानं ओळखणारा हा पहिलाच, असं रॉन म्हणाला. ओसाड गावी एरंड बळी म्हणतात. त्या मक्याच्या ओसाडीत एरंडानं माझ्या वडिलांना पुन्हा माणसांत आणलं, हे मी कधी विसरणार नाही.

शेडच्या आत विमानाचा एक पंख उभा करून ठेवला होता. लाकडाच्या बारीक फासळ्या, मधे ताणलेल्या तारा आणि त्यावर चढवलेलं लिननचं कापड. मला तोवर वाटायचं की विमान म्हणजे पत्रा. ही विमानं शिवलेली होती. कापड फासळीला धरून राहावं म्हणून पंखाच्या एका बाजूला एक माणूस बसतो आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. मेण लावलेला दोरा लांब सुईत ओवून एकानं आरपार घालायचा, दुसऱ्यानं तिकडून ओढून परत पाठवायचा, आणि प्रत्येक टाक्याला गाठ. रॉनला एका बाजूला कुणी मिळत नव्हतं, म्हणून काम अडलं होतं. अण्णांनी चष्मा वर सरकवून ती शिवण जवळून पाहिली. मी डोळ्यांनी खुणावत होते, अण्णा, नाक खुपसू नका. त्यांनी खुपसलं.

"म्हणावं, टाका सारखा नाही. इथं दोन बोटं, इथं अडीच."

मी शक्य तितकं गोड करून सांगितलं. रॉननं पट्टी लावून मोजलं. मग सुई अण्णांच्या हातात दिली.

दर शनिवार-रविवार आमचा मुक्काम तिथे. पंखाच्या एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला रेवा. कापडाच्या आडून त्यांना एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, फक्त सुई यायची आणि जायची. रॉनला ते आधी रॉनसाहेब म्हणायचे, तिसऱ्या आठवड्यात रॉन मास्तर म्हणायला लागले. त्यांच्या जगात याहून मोठा किताब नाही.

त्या कापडाच्या आडून रेवा आजोबांना प्रोजेक्ट सांगायची आणि मी दुभाष्याचं काम करत ऐकायचे. सुरुवातीला दोन्हीकडची विमानं फक्त टेहळणीला जायची, तेव्हा वैमानिक म्हणे एकमेकांना हात करायचे. मग कुणीतरी पिस्तूल नेलं. मग बंदूक बसवायची ठरली, पण पुढचा पंखा आडवा येतो. फिरत्या पात्यांच्या मधून गोळी मारायची कशी? त्यासाठी इंजिनालाच बंदूक जोडली, पातं समोर असेल तेव्हा ती थांबते. हे समजावताना मी अडखळले, तर अण्णा पलीकडून म्हणाले की यात अवघड काय आहे. सुई कापडात असते तेव्हा मशीनचे दाते कापड पुढे ओढत नाहीत, सुई वर गेली की ओढतात. नाहीतर सुई मोडेल. रॉनला हे सांगितल्यावर त्यानं आपल्या टोपीच्या टोकाला हात लावला.

अण्णांचे प्रश्न वेगळेच असत. हे वैमानिक गळ्यात रेशमी रुमाल कशाला बांधायचे, ऐटीसाठी? रेवानं शोधून सांगितलं की शत्रू कुठून येईल म्हणून त्यांची मान सतत फिरायची आणि लोकरी कॉलरनं गळा सोलवटायचा. मग त्यांना चांगला टेलर मिळाला नाही, एवढाच अण्णांचा निष्कर्ष. कॅमल उजवीकडे पटकन वळतं आणि डावीकडे कुरकुरत, कारण ते जड इंजिन एकाच दिशेला फिरत असतं. शिकाऊ मुलं शत्रूची गोळी न लागताच त्यातून पडली. पण ज्याला ती खोड कळली त्याच्यासाठी तेच हत्यार झालं. तीन पंखांचं विमान जिना चढावा तसं वर चढतं, पण पळताना मागे पडतं. म्हणजे दोघांनाही आपल्या यंत्रापेक्षा समोरच्याचं यंत्र जास्त माहीत असलं पाहिजे. काही जण आपलं विमान लाल, पिवळं असं मुद्दाम भडक रंगवायचे, आपण आलोय हे समोरच्याला लांबून कळावं म्हणून.

"का?" अण्णांनी विचारलं. "लपायचं सोडून?"

रेवा म्हणाली, "आय डोन्ट नो, आजोबा. आय थिंक दे वॉन्टेड टु बी सीन."

हे मी भाषांतर करून सांगितलं आणि अण्णांची सुई बराच वेळ परत आली नाही.

आता कापड भिजवण्याची गोष्ट. खालच्या पंखाला उशीच्या अभ्र्यासारखी एक लांब पिशवी शिवून चढवायची होती. अण्णा म्हणाले, मी घरी मशीनवर शिवतो. रॉननं आयर्लंडहून मागवलेल्या लिननचा अख्खा तागा त्यांच्या हवाली केला. शुक्रवारी मी ऑफिसातून आले तर बाथटब कापडानं भरलेला. शनिवारी सकाळी ते लिनन आमच्या डेकच्या कठड्यावरून खाली लॉनपर्यंत वाळत पडलेलं. आमच्याकडे घराबाहेर कपडे वाळत घालायला बंदी आहे, त्यामुळे शेजारच्या बाई दोनदा येऊन बघून गेल्या. अण्णा मात्र प्रसन्न. कोरं कापड भिजवून, आटवून मगच कात्री लावायची, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. शिवल्यावर कापड आटलं तर गिऱ्हाईक उभं जाळेल.

पिशवी फार सुरेख झाली. रॉननं ती पंखावर चढवली, पाणी शिंपडलं आणि थांबला. काहीच झालं नाही. त्यानं बोटानं टिचकी मारली, तर थप्प असा ओला आवाज आला. मग त्यानं शांतपणे सांगितलं की या कापडानं पंखावर चढल्यानंतर आटायचं असतं. तेच तर त्याचं काम. ओलं होऊन आटतं, मग वर रोगण लावलं की तबल्यासारखं ताणतं, आणि त्या ताणावर विमान उडतं. आधीच आटलेलं कापड आता काही ताणणार नाही. तो ओरडला नाही, रागावला नाही. फक्त म्हणाला, "ही कुड हॅव आस्क्ड मी."

मी हे भाषांतर केलं नाही. पण अण्णांना कळलं.

परतीच्या वाटेवर गाडीत ते माझ्या शेजारी बसले होते. मग एकदम म्हणाले, "महादूनं असं केलं नसतं. तो विचारायचा."

महादू मास्तर हे नाव त्यांच्या तोंडून मी तोवर नीट ऐकलंच नव्हतं. महादू मास्तर म्हणजे समोरचं दुकान. आमच्या दुकानाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य सगळ्या पेठेला माहीत. दसऱ्याला आम्ही पोरं पेठेतल्या प्रत्येक दुकानात सोनं द्यायला जायचो, फक्त समोर जायचो नाही. त्यांचीही पोरं आमच्याकडे यायची नाहीत. अण्णा दुकानाच्या दर्शनी काचेमागे, दिव्यात नवा कोट लावायचे, तर दुसऱ्या दिवशी समोर नवी शेरवानी लागलेली. आई म्हणायची, या दोघांचं लग्न एकमेकांशी लावून दिलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी गाडीत कळलं ते असं. दोघं एकाच उस्तादांकडे शिकले. एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून शिकले, मांडवाच्या कनाती समोरासमोर धरून शिवल्या, रेवाबरोबर आता शिवतात तशा. उस्ताद गेले. कुणाला काय द्यायचं ते सांगून गेले नाहीत. त्यांची कात्री भिंतीला खिळ्यावर लटकत होती. टेलरची कात्री म्हणजे काय ते सांगते. ती कुणाला वापरायला देत नाहीत, तिनं कागद कापत नाहीत, ती एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. खाली ठेवायची, मग दुसऱ्यानं उचलायची, नाहीतर भांडण होतं. तर दिवसकार्य झाल्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा दुकानात गेले, कात्री खिळ्यावरून काढली आणि घरी नेली. महादूला विचारलं नाही. महादू नंतर येऊन रिकाम्या खिळ्याकडे बघून गेला. भांडण झालंच नाही. तो फक्त समोर दुकान काढून बसला.

"ती कात्री कुठाय?" मी विचारलं.

"तुझ्या घरात," अण्णा म्हणाले. "चेक-इन बॅगेत आणली."

म्हणजे इतके दिवस ते रॉनचं लिनन त्याच कात्रीनं कापत होते. रेवानं एकदा ती सहज त्यांच्या हातात द्यायला पुढे केली, तेव्हा त्यांनी मागे सरकून ती टेबलावर ठेवायला लावली होती. आम्हाला वाटलं होतं, वयाची तऱ्हा.

पुढच्याच आठवड्यात कराडहून माझ्या चुलतभावाचा फोन आला. बोलता बोलता त्यानं सांगितलं की महादू मास्तरांच्या अंगावरून वारं गेलं, डावी बाजू गेली, दुकान बंद आहे. अण्णांनी ऐकलं, बरं म्हणाले, फोन मला दिला. तीन दिवस ते खिडकीत बसले. पण या वेळी कुणाच्या पॅन्टी बघत नव्हते.

मग तो शेवटचा शनिवार, विमानांच्या झुंजीचा. रॉनचं विमान अजून एका पंखावाचून होतं, म्हणून एक पाहुणं कॅमल आलं होतं. पलीकडच्या शेडमधून तीन पंखांचं लाल विमान बाहेर आलं. रॉन दुर्बीण डोळ्याला लावून त्याच्याकडे बघत होता. त्या शेडच्या मालकाशी तो पंधरा वर्षांत धड बोलला नव्हता, पण त्याच्या विमानाचा कुठला खिळा कधी बदलला ते त्याला माहीत होतं. अण्णा आळीपाळीनं रॉनकडे आणि समोरच्या शेडकडे बघत होते. माझ्याच मनात तेव्हा आलं, की आपल्या माणसांनी आपल्याकडे इतकं निरखून कधी पाहिलं? मी पाहिलं होतं का अण्णांकडे?

रेवा खुर्चीच्या हातावर बसून प्रोजेक्टचं शेवटचं पान वाचून दाखवत होती. शत्रूचा वैमानिक आपल्या बाजूला पडला, तर कधीकधी दुसऱ्या दिवशी यांचं एखादं विमान शत्रूच्या तळावर जायचं. बॉम्ब टाकायला नव्हे. एक पिशवी टाकायला, लांब फिती लावलेली, म्हणजे पडताना दिसावी. आत चिठ्ठी असायची. तुमचा माणूस जिवंत आहे, किंवा आम्ही त्याला मानानं पुरलं. कधी फुलांचं चक्रही टाकायचे.

अण्णांनी मला विचारायला लावलं, "आणि चिठ्ठी टाकणाऱ्याला खालून कुणी गोळी मारली तर?"

"ही स्टिल हॅड टु गो, आजोबा," रेवा म्हणाली. "यू कान्ट मेल इट."

संध्याकाळी चहाच्या वेळी अण्णांनी तिकीट अलीकडचं करायला सांगितलं. दसऱ्याला कराडात पोचायचं आहे म्हणाले. मला एवढा राग आला की काही विचारू नका. मी फॉर्म आणून टेबलावर आपटला. म्हटलं, फोन करा, व्हिडिओ कॉल करा, मी लावून देते. ज्याला चाळीस वर्षं पाण्यात पाहिलंत त्याच्यासाठी जाताय, आणि पोटच्या मुलीसाठी राहता येत नाही?

अण्णा फॉर्म वाचल्यासारखं करत राहिले. मग म्हणाले, "वैजू, तुझ्या आईनं माझं काम बघितलं ते कौतुकानं. गिऱ्हाइकानं बघितलं ते आरशात. महादूनं बघितलं ते चूक काढायला. चाळीस वर्षं मी सरळ शिवलं, ते कुणामुळं?"

 मी वाईट वाटून घेतलं, मत्सर वाटून घेतला, आणि तिकीट बदललं. एका आजारी म्हाताऱ्या टेलरचा मला मत्सर वाटला हे लिहायला आज लाज वाटत नाही. तो खराच होता.

जायच्या आधी अण्णांनी दोन कामं उरकली. रॉननं मागवलेल्या नव्या कोऱ्या कापडाची पिशवी शिवून दिली, न भिजवता. आणि त्या आटलेल्या लिननचा रॉनसाठी एक शर्ट शिवला. विमानाला जे कापड निकामी, ते शर्टाला एकदम पक्कं. रॉनचं माप त्यांनी टेप न लावता, नुसतं बघून घेतलं. रॉननं आरशात पाहिलं, खांदे हलवले आणि जन्मात पहिल्यांदा बाही बरोबर आली म्हणाला. विमानतळावर जाताना अण्णांनी बॅगेत कात्री आहे ना हे तीनदा पाहिलं.

दसऱ्याच्या दिवशी कराडात काय झालं ते चुलतभावानं सांगितलं. संध्याकाळी सगळी पेठ सोनं वाटत फिरत होती. अण्णा आपल्या दुकानाच्या पायरीवर बराच वेळ उभे राहिले. मग रस्ता ओलांडला. वीस पावलांचा रस्ता असेल. मागच्या खोलीत महादू मास्तर खाटेवर पडलेले. अण्णांनी त्यांच्या उजव्या हातात आपट्याची पानं ठेवली. कात्री हातात दिली नाही, खाटेवर ठेवली. म्हणाले, "विचारायचं राहिलं होतं."

महादू मास्तरांनी ती उचलली. पात्यावरून अंगठा फिरवला, आणि वाकड्या तोंडानं जमेल तसं बोलले. "धार घालवलीस."

यावर दोन म्हातारे किती वेळ भांडले याचे तपशील चुलतभावाकडे आहेत. त्यानंतर महादू मास्तर बरीच वर्षं जगले. एका हातानं शिवता येईना, म्हणून खुर्ची टाकून दुकानाच्या दारात बसायचे आणि समोर अण्णांच्या दिव्यात लागलेल्या प्रत्येक कोटाची बाही लहान आहे म्हणून ओरडून सांगायचे. अण्णा इकडून उत्तर द्यायचे. पेठेला करमणूक झाली. मी फोनवर राहायला येण्याचा विषय काढला की अण्णा म्हणायचे, आता लग्नसराई आहे, समोरचा टपून बसलाय. रॉनचं कॅमल पुढच्या सप्टेंबरला उडालं, अण्णांच्या टाक्यांवर. त्याचा व्हिडिओ मी पाठवला. अण्णांनी तो समोर नेऊन दाखवला आणि तिसऱ्या फासळीचा टाका सैल आहे असा निरोप मला आला. कुणाचा, ते सांगायला नको.

गेल्या शनिवारी मी पट्टीवर होते ती एकटीच. रेवा आता कॉलेजात आहे. अंगणातल्या रेडबडची पानं पिवळी पडली आहेत. आपट्यासारखी दिसतात म्हणून आम्ही इथले लोक सोनं म्हणून तीच वाटतो. रॉन त्याच लिननच्या शर्टात होता, कॉलर विरलेली. मी त्याच्याशी बोलत असताना अण्णांचा फोन आला. त्यांच्याकडे संध्याकाळ झाली होती. महादू मास्तरांना जाऊन महिना होत आला हे मला माहीत होतं. तेव्हा फोनवर अण्णा नीट बोलले होते. माणूस पिकला होता, सुटला, असं म्हणाले होते.

या वेळी म्हणाले, "महादूच्या पोरानं कात्री आणून दिली. खाली ठेवली, मी उचलली. पोरगं रीतीचं आहे." मग म्हणाले, "समोरचं शटर बंद असतं, वैजू. मी कोट लावला होता दिव्यात, परवा काढून ठेवला. कुणाला दाखवायचा?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुझ्याकडं राहायची सोय आहे का गं अजून?"

इतकी वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहत होते ते आलं, आणि मला आनंद झाला नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती खिडकी आली, सारख्या मापाचे रस्ते आले. सोय आहे, अण्णा, मी म्हटलं, कधीही या. मी फोनवर हात ठेवला. रॉननं खुणेनं विचारलं काय झालं. मी त्याला थोडक्यात सांगितलं. तो शर्टाच्या बाहीशी चाळा करत समोरच्या शेडकडे बघत राहिला. मग त्यानं एक गोष्ट सांगितली, आणि ती अण्णांना सांग म्हणाला. समोरच्या शेडमध्ये या वर्षी एक बाई आल्या आहेत, जन्मभर बोटींची शिडं शिवलेल्या. त्या मध्यंतरी येऊन कॅमल बघून गेल्या आणि म्हणाल्या की शिवण बरी आहे, पण गाठी जरा जास्तच घट्ट आहेत.

मी ते जसंच्या तसं अण्णांना सांगितलं.

 धावपट्टीवर कॅमल सुरू झालं होतं. एरंडेलाचा धूर आमच्या अंगावरून पलीकडच्या शेडकडे निघाला होता.

"घट्ट म्हणाली?" अण्णांनी विचारलं. आणि मग, जरा वेळानं, "कात्री चेक-इनमधे चालते ना गं अजून?"